पार्टी खोटी, नकार खरा? डेन्मार्कच्या ‘व्हीआर फेस्टलॅब’चा प्रकरण अभ्यास

शाळांच्या माहितीपत्रकांत हल्ली एक फोटो हमखास असतो. डोळ्यांवर जाडजूड हेडसेट, तोंडाचा आ वासलेला, दोन्ही हात हवेत. खाली मजकूर: ‘आमच्याकडे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीद्वारे (व्हीआर) आरोग्य शिक्षण दिले जाते.’ मुलांना मजा येते यात वाद नाही. हेडसेट काढल्यावर त्या मुलात काय बदललं, हे मात्र माहितीपत्रकात कधी नसतं, आणि बहुतेक वेळा ते कुणी मोजलेलंही नसतं.

डेन्मार्कमधल्या एका गटानं ते मोजलं. दारू नाकारण्याचा सराव देणारी ‘व्हीआर फेस्टलॅब’ ही आभासी पार्टी त्यांनी बनवली, आपणच बनवलेल्या या साधनाची बऱ्यापैकी कडक परीक्षा घेतली आणि निकाल मनासारखा आला नाही तरी तो छापला. हे प्रकरण सविस्तर मांडण्याजोगं वाटतं ते त्यामुळेच. यशाच्या गोष्टी पुष्कळ मिळतात, पण त्यांतून शिकायला फारसं मिळत नाही.

डेन्मार्कची अडचण

युरोपात दर चार वर्षांनी शाळकरी मुलांच्या व्यसनांची एक मोठी पाहणी होते. तिचं नाव ‘एस्पॅड’. २०१९ च्या फेरीत पस्तीस देशांतल्या १५-१६ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, गेल्या तीस दिवसांत दारू चढेपर्यंत प्यायलात का? सगळ्या देशांची सरासरी होती १३ टक्के. डेन्मार्कमध्ये ४० टक्के मुलांनी ‘हो’ म्हटलं, आणि हा आकडा यादीत सर्वांत वरचा होता.

हे काही चोरून-मारून चाललेलं नव्हतं. तिथला कायदा त्या काळी सोळा पूर्ण झालेल्या मुलाला दुकानातून बिअर आणि वाइन विकत घेऊ देत असे. अठराची अट होती ती साडेसोळा टक्क्यांहून कडक दारूला आणि बार-रेस्तराँला. सोळाव्या वाढदिवसाला आईवडीलच बिअरचा क्रेट आणून देतात, हे तिथं कुणाला धक्कादायक वाटत नाही. अठराच्या आतल्यांनी दारू घेऊच नये, असा स्पष्ट सल्ला तिथल्या आरोग्य प्राधिकरणानं २०२२ मध्ये दिला. म्हणजे ज्या मुलाला आपण ‘नको म्हण’ सांगतो, त्याच्या आजूबाजूचे सगळे, मोठ्यांसकट, ‘घे की’ म्हणणारे.

अशा ठिकाणी यकृताचं चित्र दाखवून काय साधणार? दारूनं यकृत खराब होतं हे त्या मुलाला पाठ असतं, परीक्षेत विचारलं तर तो पूर्ण गुण मिळवेल. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या ‘डेअर’ या कार्यक्रमाचा अनुभव सर्वश्रुत आहे. पोलिस अधिकारी वर्गात येत, अमली पदार्थांची माहिती देत, मुलांकडून शपथ घेत. कार्यक्रम देशभर पसरला, लोकप्रियही झाला. पण एकामागून एक मूल्यमापनांत व्यसनाच्या प्रमाणावर त्याचा टिकाऊ परिणाम जवळजवळ सापडलाच नाही. माहिती आणि वर्तन यांच्यामध्ये एक छोटासा क्षण असतो. मित्र बाटली पुढं करतो, चार जण बघत असतात आणि उत्तर तीन सेकंदांत द्यायचं असतं. गाडी अडते ती तिथं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्व-सक्षमतेची कल्पना इथं कामाला येते. एखादी गोष्ट मला जमेल, हा माझा स्वतःबद्दलचा भरवसा म्हणजे स्व-सक्षमता. बांदुरांच्या मते तो सर्वांत पक्का होतो स्वतः करून जमल्यावर, त्याखालोखाल आपल्यासारख्या कुणाला ते जमताना पाहून. तोंडी उपदेशाचा नंबर त्यानंतर. दारू नाकारण्याच्या भरवशासाठी तर वेगळी प्रश्नावलीच आहे. तिचे तीन भाग: दोस्तांच्या दबावाखाली नाकारणं, मन खट्टू असताना नाकारणं आणि सहज समोर आली असताना नाकारणं. डेन्मार्कच्या गटाला यातला पहिला भाग हलवायचा होता.

पार्टी कशी उभी केली

मूळ कल्पना ऑस्ट्रेलियाची. क्वीन्सलँडमधल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या ‘ब्लर्ड माइंड्स’ या शालेय कार्यक्रमात एक आभासी हाउस पार्टी होती. मुलानं हेडसेट लावायचा, पार्टीत शिरायचं, काय घ्यायचं आणि काय नाकारायचं ते ठरवायचं. सदर्न डेन्मार्क विद्यापीठातल्या सार्वजनिक आरोग्याच्या संशोधकांनी, म्हणजे क्रिस्टियाने स्टोक, लोट्टे व्हालेन्टिन-होल्बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ही कल्पना उचलली. शिक्षण-तंत्रज्ञानवाले सहकारी सोबत घेतले आणि ऑस्ट्रेलियन गटालाही बरोबर ठेवलं.

सोपा मार्ग होता डबिंगचा, पण त्यांनी तो घेतला नाही. ब्रिस्बेनच्या उपनगरातली पार्टी आणि डॅनिश गावातली पार्टी सारखी नसते. कोण कुणाला कसं डिवचतं, नाही म्हटल्यावर कोण हसतं, मुलगी नाही म्हणाली तर काय ऐकून घेते आणि मुलगा म्हणाला तर काय, सगळंच वेगळं. म्हणून पटकथेपासूनच किशोरवयीन मुलांना सोबत घेतलं. प्रसंग त्यांच्याशी बोलून ठरले, संवाद त्यांच्या तोंडचे, कॅमेऱ्यासमोरही तीच मुलं. मला हा या सगळ्या प्रकल्पातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. मोठ्यांनी लिहिलेला किशोरवयीन संवाद लगेच वास मारतो. आपल्याकडच्या जनजागृतीपटांतला तो मित्र आठवा, जो टपरीवर उभा राहून ‘अरे मित्रा, तंबाखूचे सेवन आरोग्यास घातक असते’ असं पुस्तकी बोलतो. त्या वाक्यासरशी वर्ग हसायला लागतो आणि पुढचं सगळं पाण्यात.

साधन बनलं ते ३६० अंशांच्या चित्रफितीतून. संगणकानं घडवलेल्या बाहुल्या नाहीत, खऱ्या मुलांचा खरा अभिनय. यात कॅमेरा खोलीच्या मधोमध एका जागी उभा असतो, आणि पाहणाऱ्याच्या दृष्टीनं तो कॅमेरा म्हणजेच ‘तू’. बोलणारं पात्र भिंगात रोखून बघतं, आणि हेडसेट लावलेल्या मुलाला ते थेट आपल्या डोळ्यांत बघतंय असं वाटतं. मान वळवली की सोफ्यावर गप्पा मारणारे दिसतात, मागं वळलं की दाराशी उभे असलेले. चालत जाता मात्र येत नाही, कारण चित्रीकरण त्या एका बिंदूवरून झालेलं असतं. कॅमेरा जागचा हलत नाही याचा एक फायदाही आहे, भोवळ कमी येते. व्हीआरमधली मळमळ बहुतेक वेळा डोळे ‘चाललोय’ म्हणतात आणि कानातला तोल सांभाळणारा भाग ‘बसलोय’ म्हणतो, या भांडणातून होते.

निवड करायची ती नजरेनं. कुणी पेय पुढं केलं की पर्याय समोर तरंगतात, ज्याच्यावर नजर थोडी स्थिरावते तो निवडला जातो आणि पुढचा प्रसंग त्यानुसार उलगडतो. वाचायला साधं वाटतं, पण बनवणाऱ्याच्या डोक्याला ताप आहे. ओळीनं सात वेळा दोन-दोन पर्याय दिले तर वाटा होतात १२८. सगळ्या चित्रित करायच्या तर दिवाळं निघेल. म्हणून अशा पटकथांत वाटा फुटतात आणि थोड्या पुढं जाऊन पुन्हा एकत्र येतात. निवड खरी वाटली पाहिजे आणि चित्रीकरण आवाक्यातही राहिलं पाहिजे, अशी ही तारेवरची कसरत.

आणखी एक गोष्ट त्यांनी धीटपणे केली. या पार्टीत ‘हो’ म्हणता येतं. ग्लास घेता येतो, आणखी घेता येतो, आणि त्याचे परिणामही भोगावे लागतात. आपल्याकडच्या एखाद्या समितीपुढं हा आराखडा गेला असता तर ‘मुलांना प्यायला शिकवताय का?’ असा पहिला प्रश्न आला असता. पण ज्या खेळात फक्त बरोबर उत्तरच निवडता येतं तो खेळ नसतो. सवंगड्यांना काय आवडेल आणि शिक्षकांना काय आवडेल यातला फरक चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला आपल्याहून लवकर कळतो.

एक उणीव मात्र सुरुवातीपासूनच होती. नजरेनं दिलेला नकार मुका असतो. खऱ्या पार्टीत नकार तोंडानं द्यावा लागतो, आणि अवघड असतं ते नेमकं तेच: आवाज न थरथरता, शब्द न चाचपडता ‘नको रे’ म्हणणं. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या किंबर्ली हीफ्टजे यांच्या गटानं ई-सिगारेटविरोधी ‘इन्व्हाइट ओन्ली व्हीआर’ हा खेळ बनवताना ही गोष्ट हेरली होती. त्यात आवाज ओळखणारी प्रणाली आहे, मुलाला खरंच बोलून नाही म्हणावं लागतं. तिथं घाईही तशीच होती. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मुलांमध्ये ई-सिगारेटचं चालू सेवन २०१८ मध्ये २०.८ टक्के होतं, ते २०१९ मध्ये २७.५ टक्क्यांवर गेलं. त्या खेळाच्या २८५ विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासात माहिती आणि धोक्याची जाण सुधारलेली दिसली. मात्र गट यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, पाडलेले नव्हते, त्यामुळे त्या निकालावर किती भार टाकायचा हे ज्यानं त्यानं ठरवावं.

कागदी विमानं विरुद्ध बिअर

चाचणी घेतली ती डेन्मार्कच्या ‘एफ्टरस्कोले’ या निवासी शाळांमध्ये. हा खास डॅनिश प्रकार आहे. आठवी ते दहावीच्या वयातली मुलं बहुधा एक वर्ष घर सोडून अशा शाळेत राहायला जातात. कुणी संगीतासाठी, कुणी खेळासाठी, कुणी चित्रपटासाठी. देशभरात अशा दोनशेहून जास्त शाळा आहेत. शाळेच्या आवारात दारूला सक्त मनाई असते, पकडलं गेल्यास घरी रवानगीही होऊ शकते.

कोणी फेस्टलॅब खेळायचं आणि कोणी नाही, याची वाटणी एकेका मुलाची न करता गटागटानं यादृच्छिक केली. कारण उघड आहे. एकाच वसतिगृहात राहणाऱ्या दोघांपैकी एकानं दुपारी पार्टी खेळली तर रात्री दुसऱ्याला तिची सगळी गोष्ट कळलेली असते. मग तुलना कशाची करणार?

खरी मेख तुलनेच्या गटात आहे. त्या गटाला नुसतं बसवून ठेवलं नाही, किंवा दारूच्या दुष्परिणामांवरचं भाषणही दिलं नाही. त्यांनाही हेडसेट दिला आणि ‘फर्स्ट स्टेप्स’ खेळायला लावलं. ‘ऑक्युलस क्वेस्ट’ हा हेडसेट विकत घेतल्यावर हाताळणी शिकण्यासाठी येतो तो हा छोटा खेळ. टेबलावरच्या वस्तू उचला, कागदी विमान उडवा, एका यंत्रमानवाचे हात धरून नाचा. म्हणजे एका गटातली मुलं बिअर नाकारत होती आणि दुसऱ्या गटातली कागदी विमानं उडवत होती. हेडसेट तोच, अप्रूप तेच, वर्गातला कल्लाही तोच.

ही तुलना बनवणाऱ्यांवर फार कठोर आहे, आणि म्हणूनच प्रामाणिक आहे. शाळांमधल्या बहुतेक व्हीआर प्रयोगांत खेळाआधी आणि खेळानंतर प्रश्नावली भरून घेतात, आकडा वाढला की टाळ्या. पण तो आकडा विषयामुळे वाढला, की कंटाळवाण्या मंगळवारी काहीतरी भन्नाट करायला मिळालं या खुशीत पोरांनी सगळीकडे ‘पूर्ण सहमत’ ठोकलं, हे त्यातून कळत नाही. फेस्टलॅबच्या चाचणीत खुशी दोन्ही बाजूंना सारखीच होती. ती वजा झाल्यावर काय उरतं, एवढाच प्रश्न.

उरलं ते फार नव्हतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात, दोस्तांच्या दबावाखाली दारू नाकारण्याच्या भरवशात दोन गटांमध्ये संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस फरक आढळला नाही.

का नाही चाललं?

इथून पुढचं माझं आकलन आहे, संशोधकांच्या माथी मारू नये.

पहिली शंका मात्रेची. एका बैठकीत एकदा खेळलेला खेळ. पोहायला शिकवताना एकदा पाण्यात उतरवून कुणी प्रमाणपत्र देत नाही. नाकारणं हे कौशल्य मानायचं असेल तर त्याला तालमी लागणार, आणि तालमींच्या मधे ‘तू असं का म्हणालास, मी असतो तर असं म्हटलं असतं’ ही चर्चा लागणार. हेडसेट तालमीची जागा देतो, पण तालमी घेण्याचं काम कुणीतरी माणसानंच करायचं असतं.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. पडद्यावरच्या पात्राला नाही म्हणायला काही पडत नाही. खऱ्या नकाराची किंमत सोमवारी सकाळी चुकवावी लागते. कुणीतरी टोपणनाव ठेवतं, पुढच्या पार्टीचं आमंत्रण येत नाही, व्हॉट्सअ‍ॅप गटात अचानक शांतता होते. फेस्टलॅबमध्ये सोमवार नाही. बांदुरा ज्याला स्वतः करून जमणं म्हणतात त्यात अडथळा खरा असावा लागतो. अडथळाच पुठ्ठ्याचा असेल तर तो ओलांडल्याचा भरवसाही पुठ्ठ्याचाच.

तिसरी शंका मोजपट्टीवर. ‘मित्र पीत असताना तुम्ही नाही म्हणू शकाल का?’ असं विचारलं की कितीतरी मुलं आधीच वरचा आकडा भरतात. वर जायला जागाच उरत नाही. त्यात एक गंमत अशी की चांगल्या शिक्षणानं हा आकडा खालीही जाऊ शकतो. ‘मला काय, मी सहज नाही म्हणेन’ असं मानणारा पोरगा आभासी पार्टीत तिसऱ्या आग्रहाला बळी पडला, तर तो पुढच्या प्रश्नावलीत जरा कमी आकडा भरेल. त्याला काहीतरी कळलंय, पण तक्ता म्हणतो की तो मागं गेला.

चौथा मुद्दा याच संशोधकांच्या जुन्या कामातून सुचतो. व्हालेन्टिन-होल्बेक आणि स्टोक यांनी याआधी डॅनिश शाळांत ‘द गुड लाइफ’ नावाचा प्रयोग केला होता. त्याचा पाया सोपा होता. आपल्या वर्गातली मुलं किती पितात याचा अंदाज मुलं नेहमी फुगवून करतात. खरा आकडा त्यांच्याच शाळेच्या पाहणीतून काढून समोर ठेवला की फुगा थोडा बसतो, आणि ‘सगळेच पितात’ हे वाक्य लंगडं पडतं. आता फेस्टलॅबकडे पाहा. तिथं चहूबाजूंना पार्टी रंगलेली, जो येतो तो ग्लास पुढं करतो. हे नाट्य नकाराच्या सरावाला हवंच, त्याशिवाय दबाव कसा येणार? पण त्याच वेळी ते मुलाच्या मनातलं ‘सगळेच पितात’ हे चित्र अधिक गडद तर करत नाही ना? एक हात जे पुसतो ते दुसरा हात गिरवतो, असं होण्याची शक्यता मला नाकारता येत नाही.

निवासी शाळेचा मुद्दा जाता जाता. जिथं दारूला बंदी आहे आणि मोडली तर घरी पाठवतात, तिथल्या मुलाला त्या आठवड्यात नकाराचा प्रसंग येणार कुठं? शिकलेलं वापरायला वाव नसेल तर ते रुजतही नाही.

चाललं ते कुठं

तुलनेसाठी ब्राझीलचं एक उदाहरण. मीनास जेराइस राज्यातल्या इताउना गावात आठ सरकारी शाळांमधल्या ५२ वर्गांत, १,५७३ विद्यार्थ्यांवर २०१८ मध्ये एक चाचणी झाली. साधन होतं ‘सनफेस’ नावाचं मोबाइल अ‍ॅप, जर्मनीतल्या टीटस ब्रिंकर यांनी घडवलेलं. हेडसेट नाही, काही नाही. वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी वर्गात येतात, मुलाचा सेल्फी काढतात आणि तोच चेहरा उन्हाची काळजी घेतली तर आणि नाही घेतली तर पुढच्या वर्षांत कसा दिसेल ते भिंतीवर मोठा करून दाखवतात. काटेकोरपणे पाहिलं तर ही ना व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, ना पुरती ऑगमेंटेड. पण खऱ्या चेहऱ्यावर खोटा थर चढवण्याची युक्ती तीच. सहा महिन्यांनी रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांचं प्रमाण १५ टक्क्यांवरून सुमारे २३ टक्क्यांवर गेलेलं होतं, तुलनेच्या गटात तसा बदल नव्हता. आकडे मुलांनी स्वतः सांगितलेले आहेत, त्यामुळे थोडे जपूनच घ्यावेत. तरीही सहा महिने टिकलेला बदल म्हणजे लहान गोष्ट नाही.

इथं का चाललं आणि तिथं का नाही? सनस्क्रीन लावायला कुणाचा विरोध नसतो. ते घरात, आरशासमोर, एकट्यानं करायचं काम आहे, रोज करायचं आणि अर्ध्या मिनिटाचं. शिवाय दाखवलेलं चित्र स्वतःच्याच चेहऱ्याचं. किशोरवयात पन्नास वर्षांनंतरच्या कर्करोगापेक्षा उद्याची सुरकुती जास्त घाबरवते, हे त्या अ‍ॅपवाल्यांनी ओळखलं. दारू नाकारणं मात्र चारचौघांत करायचं असतं आणि त्याचा परिणाम नात्यांवर होतो. दोन्हींना ‘आरोग्य शिक्षण’ हे एकच नाव असलं तरी काम वेगळं आहे, आणि एकाच्या यशावरून दुसऱ्यासाठी हेडसेट विकत घेणं धाडसाचं ठरेल.

आपल्या शाळेत आणायचं म्हटलं तर

फेस्टलॅब मराठीत डब करून चालणार नाही, हे कायद्याकडे नजर टाकली तरी कळतं. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट, गोव्यात १८, आणि वर्धा-गडचिरोलीत सरसकट दारूबंदी. आईबाबांनी क्रेट आणून दिलेली घरची पार्टी ही आपल्याकडच्या बहुतेक नववीतल्या मुलाची गोष्टच नाही. त्याच्यासमोर पहिल्यांदा जे येतं ते मावा, गुटखा, विदर्भात खर्रा. आग्रह पार्टीत होत नाही. क्लास सुटल्यावर टपरीच्या मागं, क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला होतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला केंद्राच्या कायद्यानं मनाई आहे, ई-सिगारेट २०१९ पासून देशभर बंद आहे. तरी २०१९ च्याच राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वर्षांची ८.५ टक्के मुलं कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचं दिसलं होतं. तेव्हा पटकथा लिहायची तर टपरीची लिहावी लागेल, आणि ती टपरीवर उभ्या राहणाऱ्या मुलांकडूनच लिहून घ्यावी लागेल. जर्मनीत या साधनाची ‘व्हर्च्युअल लिमिटलॅब’ नावाची आवृत्ती निघाली, तेव्हा तिथल्या किशोरांशी गटचर्चा करून पार्टीच्या प्रसंगांत मुलगा-मुलगी भेद कसा डोकावतो हेसुद्धा विचारलं गेलं. आपल्याकडे हा प्रश्न आणखी टोकदार होईल.

मग हिशेब. साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांची तासिका, शाळेकडे दहा हेडसेट आहेत असं मोठ्या मनानं धरू. पट्टा बसवणं, चष्मेवाल्यांची खटपट, मधेच ‘सर, माझं काळं झालं’, पुसून पुढच्याला देणं, हे सगळं धरून एका तुकडीला पंधरा मिनिटं. सहा तुकड्या म्हणजे दीड तास, जवळजवळ तीन तासिका, आणि चर्चा अजून सुरूच झालेली नाही. एका वेळी पन्नास मुलं बाकावर मोकळी, त्यांना कोण सांभाळणार? शिवाय क्वेस्टसाठी कंपनीनंच तेरा वर्षांची किमान अट ठेवली होती. २०२३ मध्ये ती पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यासह दहावर आणली, म्हणजे सातवीपर्यंतच्या वर्गासाठी पालकांची संमती आणि खाती हा वेगळाच कारभार. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात २०२० पासून प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करायचं ठरलं आहे. या सगळ्याचा भार शेवटी त्याच दोघांवर पडणार, आणि त्यांच्याकडे निवडणुकीची, पोषण आहाराची, ऑनलाइन माहिती भरण्याची कामं आधीच आहेत.

विक्रेता शाळेत आला तर त्याला विचारायचा पहिला प्रश्न या प्रकरणानं सोपा करून दिलाय: ‘तुमच्या साधनाची तुलना कशाशी केली होती?’ ‘काहीच न करण्याशी’ किंवा ‘खेळाआधीच्या प्रश्नावलीशी’ असं उत्तर आलं तर कागदी विमानांची गोष्ट त्याला सांगावी.

शेवटी एक गोष्ट, जी मला या प्रकरणातून सगळ्यात कामाची वाटते. चाचणी झाली ती फेस्टलॅब खेळणाऱ्यांची, ते बनवणाऱ्या मुलांची नव्हे. खेळणाऱ्यानं एकदा नजर फिरवून नकार दिला. बनवणाऱ्यांनी मात्र कोण कसा आग्रह करतो यावर वाद घातले, कोणतं वाक्य खोटं वाटतं ते हुडकलं आणि मग कॅमेऱ्यासमोर ते वठवलं, दबाव टाकणाऱ्याच्याही भूमिकेत शिरून. बांदुरांच्या यादीतलं जवळजवळ सगळं त्यांच्या वाट्याला आलं. हे करून पाहायला हेडसेट लागत नाही. नववीच्या एका तुकडीनं साध्या मोबाइलवर टपरीचे चार प्रसंग लिहून, चित्रित करून, दोन-दोन शेवट ठेवून जोडावेत. दुसऱ्या तुकडीनं तेवढाच वेळ, तसाच मोबाइल घेऊन, वाहतुकीच्या नियमांवर फिल्म करावी. आधी, नंतर आणि दिवाळीच्या सुटीनंतर दोन्ही तुकड्यांकडून नाव न घालता एकच प्रश्नावली भरून घ्यावी. कुठल्या तुकडीला काय द्यायचं, ते मुख्याध्यापकांनी नाणं उडवून ठरवावं.